पाळीव शॅमेलिऑनला बाहेर उन्हात नेताना: सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

शॅमेलिऑनला बाहेर नेण्याची खरंच गरज असते का?

घरात चांगला यूव्हीबी (सूर्यप्रकाशात असतात तसे अतिनील-बी किरण देणारा) दिवा असेल, तो वेळच्या वेळी बदलला जात असेल आणि खाद्यावर कॅल्शियमची पूड टाकली जात असेल, तर बाहेर न नेताही शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा झाडावरचा सरडा, निरोगी राहतो. पण सूर्यप्रकाशाची बरोबरी कुठलाच दिवा करत नाही. त्यातल्या यूव्हीबी किरणांमुळे त्याच्या कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोचत नाही. हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा लवचीक होतो, फांदीवरची पकड सुटते. आठवड्यातून तीन-चार वेळा २० ते ३० मिनिटं ऊन मिळालं तरी मोठा फायदा होतो.

बंद खिडकीच्या काचेमागे ठेवलेल्या पिंजऱ्याला मात्र यातलं काही मिळत नाही. साधी काच यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते आणि वरून आतली हवा तापते, म्हणजे फायदा शून्य आणि धोका पूर्ण.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. बाहेर नेणं हे उन्हासाठी आहे, फिरायला नेणं नव्हे. शॅमेलिऑनला फेरफटक्याची, नव्या जागेची, माणसांच्या सहवासाची हौस नसते. हे एकदा मान्य केलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, कारण मग त्याला पिंजऱ्याबाहेर काढायचं कारणच उरत नाही.

कोणता शॅमेलिऑन पाळता येतो? कागदपत्रं लागतात का?

आपल्या शेताच्या बांधावर, बाभळीवर दिसणारा भारतीय शॅमेलिऑन वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहे. तो पकडणं, घरात ठेवणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. कोणी "पाळीव आहे, कागद लागत नाहीत" म्हणून विकत असेल तरीही.

पाळले जातात ते मुख्यतः दोन विदेशी प्रकार: येमेन आणि नैऋत्य सौदी अरेबियातला व्हेल्ड, आणि मादागास्करचा पँथर. दोन्ही साइट्स कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट दोनमध्ये आहेत. कायद्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली आणि २०२४च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. नवा प्राणी घेतल्यास मुदत ३० दिवसांची आहे. नोंद नसलेला प्राणी गच्चीवर आणणं म्हणजे स्वतःहून अडचण ओढवून घेणं, आणि तो हरवला तर मदत मागायचीही पंचाईत. आधी नोंद करा, मग ऊन दाखवा.

पुढचे आकडे पूर्ण वाढलेल्या व्हेल्ड किंवा पँथरसाठी आहेत. डोंगराळ थंड भागातले प्रकार सोलापूरच्या उन्हात आणूच नयेत.

सोलापुरात कोणत्या वेळेला बाहेर ठेवावं?

इथे ऊन कमी पडण्याची चिंता नाही, जास्त होण्याचीच आहे. घड्याळापेक्षा दोन गोष्टींवर भरवसा ठेवा: सावलीतलं तापमान आणि हवामानाच्या ॲपवर तासागणिक दिसणारा यूव्ही निर्देशांक, म्हणजे अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा. तापमान २२ ते ३२ अंश आणि निर्देशांक २ ते ४ असेल तो काळ योग्य. ढोबळ हिशोब असा:

- मार्च ते मे: सकाळी साडेसात ते साडेआठ. नऊनंतर पिंजरा घरात. एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो आणि गच्चीचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत गरम असतो, त्यामुळे संध्याकाळीही नको.
- जून ते सप्टेंबर: पाऊस नसेल आणि वारा कमी असेल तेव्हा आठ ते दहा. ढगाळ हवेतही थोडे यूव्हीबी किरण खाली येतात.
- ऑक्टोबर: हा महिना फसवतो. सकाळ सुखद वाटते आणि दहालाच चटका बसतो. नऊच्या आत उरका.
- नोव्हेंबर ते फेब्रुवारी: साडेनऊ ते अकरा. पहाटेच्या गारठ्यात बाहेर काढलं तर तो काळा पडून आखडून बसतो.

पहिल्यांदा नेताना १० मिनिटंच ठेवा आणि दोन आठवड्यांत हळूहळू अर्ध्या तासावर या. थर्मामीटर प्रोबवाला (तारेच्या टोकाने तापमान मोजणारा) घ्या आणि प्रोब सर्वांत वरच्या फांदीशेजारी लावा. खाली ठेवलेला आकडा आणि वर बसलेल्या प्राण्याची अवस्था यांचा मेळ बसत नाही.

पट्टा किंवा दोरी बांधून नेलं तर?

नको. शॅमेलिऑनचं अंग दोन्ही बाजूंनी चपटं, बरगड्या नाजूक, आणि घाबरला की तो अंग फुगवतो किंवा अगदी बारीक करतो. बसेल इतका घट्ट पट्टा श्वास अडवतो आणि सैल पट्ट्यातून तो बाहेर येतो. पायाला किंवा कमरेला दोरा बांधण्याची पद्धत तर क्रूर आहे. फांदीत दोरा अडकला आणि प्राण्याने उडी टाकली की पाय निखळतो. नायलॉनचा बारीक दोरा कातडीत रुततो आणि पंजा काळा पडेपर्यंत लक्षातही येत नाही.

शेपटीला तर हातच लावू नका. ती पालीसारखी तुटून परत येत नाही. तो तिचा वापर पाचव्या पायासारखा करतो.

मग बाहेरचा पिंजरा कसा असावा?

घरातला मोठा पिंजरा, म्हणजे साधारण २ × २ × ४ फुटांचा, रोज उचलून नेणं जमत नाही. उन्हासाठी वेगळा हलका पिंजरा करून घ्या: ४५ × ४५ सेंटिमीटर बैठक आणि ९० सेंटिमीटर उंची. स्लायडिंगच्या खिडक्या बनवणारे कारागीर अ‍ॅल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्यांची चौकट सहज करून देतात. त्यांना नीट सांगायच्या गोष्टी पुढे आहेत.

जाळी: प्लास्टिकचा लेप असलेली वेल्डमेश, भोक अर्धा इंच. लेप नसलेल्या तारेवर नखं घासून उपटतात आणि तोंड घासून ओठाला जखम होते. पिल्लू असेल तर भोक पाव इंच किंवा त्याहून बारीक. मच्छरदाणीची नायलॉन जाळी वापरू नका, मांजर एका फटक्यात फाडते आणि खाद्य म्हणून आत सोडलेला नाकतोडाही ती कुरतडून भोक पाडतो.

जोडणी: जाळी चौकटीच्या आतल्या बाजूने लावून वरून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी रिव्हेटने ठोकून घ्या, दर सात-आठ सेंटिमीटरला एक रिव्हेट. केबल टाय चालतात, पण उन्हात ते दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होऊन तटकन तुटतात. काळे टाय जास्त टिकतात. सुतळी नको. कापलेल्या तारांची टोकं बाहेरच्या बाजूला वळवा.

दार: एकच, समोर, मधल्या उंचीवर, २५ × ३५ सेंटिमीटरचं. पूर्ण उंचीचं दार उघडलं की प्राण्याला पळायला पूर्ण उंचीची वाट मिळते. दाराला वर एक आणि खाली एक अशा दोन कड्या लावा आणि वरच्या कडीत किल्ल्यांच्या जुडग्याला असतो तसा स्प्रिंगचा हुक अडकवा. नुसती सरकती कडी पिंजरा उचलताना हादऱ्याने सुटते. बहुतेक वेळा पळायची वाट तिथूनच मिळते.

तळ: प्लायचा किंवा प्लास्टिकचा ट्रे, पाणी जायला चार-पाच बारीक भोकं.

आत: बोटाएवढ्या आणि अंगठ्याएवढ्या जाडीच्या तीन-चार फांद्या, आडव्या आणि तिरक्या, दोन्ही टोकं चौकटीला घट्ट बांधलेल्या. हलणारी फांदी त्याला घाबरवते. एक फांदी थेट उन्हात, एक सावलीत, एक मध्ये. वरचा निम्मा भाग आणि एक बाजू ५० टक्क्यांच्या हिरव्या शेडनेटने झाका. आत सावली नसेल तर कितीही कमी वेळासाठी ठेवू नका. छतावर प्लास्टिकचा पारदर्शक कागद लावायचा मोह टाळा, तो यूव्हीबी अडवू शकतो आणि उष्णता कोंडतो.

पिंजऱ्यात फट राहिली आहे का, हे कसं तपासायचं?

रात्री खोलीतले दिवे बंद करून पिंजऱ्यात पेटलेली बॅटरी ठेवा आणि बाहेरून चौफेर पाहा. दाराच्या कडेने, कोपऱ्यांतून, ट्रेच्या जोडावरून जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथे फट आहे. मग पेन्सिल घेऊन प्रत्येक रेघेत घालून बघा. पेन्सिल जात असेल तर ती फट बुजवा. डोकं शिरलं की बाकीचं अंग तो चपटं करून ओढून घेतो, हा साधा नियम आहे. शिवाय प्रत्येक दाराची कडी लावून पिंजरा दोन्ही हातांनी जोरात हलवा. कडी उघडली तर ती बदला.

ऑनलाइन मिळणारा घडीचा, चेनवाला जाळीचा पिंजरा चालेल का?

१५-२० मिनिटं समोर बसून लक्ष ठेवणार असाल तर चालेल. चेन कोपऱ्यात जिथे संपते तिथे एक-दीड सेंटिमीटरचं तोंड उरतं आणि शॅमेलिऑन नाक खुपसून चेन मागे सरकवतो. चेनच्या दोन्ही सरक्या एकत्र आणून त्यांच्या भोकांत लहान कडी घाला आणि कोपरा जाड दोऱ्याने शिवून टाका. हा पिंजरा हलका असल्याने वाऱ्यात उडतो. चारही कोपऱ्यांत पाण्याने भरलेली लिटरची बाटली बांधायलाच हवी.

पिंजरा नेमका कुठे ठेवायचा?

गच्चीच्या उघड्या फरशीवर नाही. फरशीची धग खालून लागते. दोन ते तीन फूट उंच लोखंडी स्टँड किंवा मजबूत स्टूल घ्या आणि पिंजरा त्याला दोन ठिकाणी नायलॉनच्या दोरीने बांधा. पत्र्याच्या शेडजवळ, पांढऱ्या भिंतीसमोर, एसीच्या बाहेरच्या यंत्रासमोर ठेवू नका, कारण परावर्तित उष्णता आकड्यात दिसते त्यापेक्षा जास्त असते. कठड्यावर तर कधीच ठेवू नका. मे महिन्यात वळवाचा वारा क्षणात सुटतो आणि धुळीच्या लोटात पिंजरा खाली जातो.

अंगणात असेल तर तुळशीवृंदावनाजवळची सकाळची कोवळी उन्हं असलेली जागा चांगली, पण फाटकापासून आणि रस्त्यापासून लांब. स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, पूर्वी दुधाच्या कपाटाचे ठेवत तसे. मुंग्या, विशेषतः लाल मुंग्या, अडकून बसलेल्या प्राण्याचे डोळे आणि पंजे चावून फोडतात. वाट्यांत थेंबभर भांडी धुण्याचा साबण टाकला तर मुंग्या पाण्यावरून चालत येत नाहीत.

पिंजऱ्यात घालताना आणि काढताना निसटतो. काय करावं?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. पिंजरा फोडून पळालेले शॅमेलिऑन थोडे, हातावरून पिंजऱ्यात जाताना निसटलेलेच जास्त. म्हणून हाताळणी बाहेर करायचीच नाही. सगळी अदलाबदल बंद खोलीत.

१. खोलीची दारं-खिडक्या लावा. पंखा बंद करा आणि पाती थांबेपर्यंत थांबा. घाबरलेला शॅमेलिऑन पडद्यावरून थेट वर चढतो.

२. बाहेरचा पिंजरा घरातल्या पिंजऱ्याला लागून ठेवा, दोन्ही दारं समोरासमोर.

३. मध्ये हातभर लांब फांदी धरा आणि त्याला तिच्यावर चढू द्या. हाताने उचलायचं असेल तर हात छातीखालून, समोरून, हळू न्या. वरून आलेला हात त्याला घारीसारखा वाटतो.

४. फांदीसह आत घाला. खेचून सोडवू नका. पंज्याची पकड इतकी घट्ट असते की ओढल्यास नख किंवा बोट मोडतं. शेपटीचा वेढा बोटाने आधी उलगडा, मग मागचे पाय, मग पुढचे.

५. दोन्ही कड्या, वरचा हुक. हाताने ओढून बघा. मगच पिंजरा उचला आणि बाहेर न्या.

परत आणताना पिंजरा बंदच आत आणा, दार लावा, पंखा बघा, मग उघडा. घरात लहान मूल असेल तर हे काम चालू असताना खोलीच्या बाहेर एक मोठं माणूस उभं राहू द्या. दार बाहेरून ढकललं गेलं की सगळी काळजी वाया.

पिंजरा नेताना वरून टॉवेल टाकू का?

झाकायला हवं, पण टॉवेलने नाही. आपल्या सोलापुरी टर्किश टॉवेलचे फासे मऊ असले तरी शॅमेलिऑनची नखं त्यात अडकतात. जाळीतून पंजा बाहेर काढून त्याने टॉवेल धरला आणि तुम्ही तो ओढला, तर नख मुळासकट येतं. जुनं सुती धोतर किंवा साडी घ्या. तिन्ही बाजू झाका, एक बाजू वाऱ्यासाठी मोकळी ठेवा. आपली जाड सोलापुरी चादर मात्र वेगळ्या कामाला येते, ते पुढे निसटल्याच्या प्रश्नात आहे.

गच्चीवरच्या कुंडीतल्या झाडावर मोकळा सोडला तर?

तुम्ही हात लांब करून झाडाच्या प्रत्येक फांदीपर्यंत पोचू शकता का? झाडाच्या चारही बाजूंनी किमान ६ फूट मोकळी जमीन आहे का? भिंत, पाइप, केबलची तार, कपडे वाळत घालायची दोरी यांपासून ते दूर आहे का? नजर पूर्ण वेळ त्याच्यावर ठेवायला एक माणूस आहे का, आणि त्याने मोबाइल बाजूला ठेवलाय का? चारही उत्तरं "हो" असतील तर पाच-दहा मिनिटं हरकत नाही. एकही "नाही" असेल तर पिंजराच बरा.

त्याच्या संथ चालीवर विसंबू नका. घाबरला की तो तुमच्या कल्पनेपेक्षा जोरात पळतो आणि कोंडी झाली की फांदी सोडून सरळ खाली पडतो. एकदा पानांत शिरला की समोर असूनही दिसत नाही. अंग डोलवत पानासारखा हलतो, फांदीच्या मागच्या बाजूला सरकतो आणि तुम्ही फिरलात की तोही फिरतो, कारण त्याचे दोन डोळे वेगवेगळे फिरतात आणि एक कायम तुमच्यावर असतो. रस्त्याकडेच्या कडुलिंबावर, पिंपळावर, गुलमोहोरावर तर क्षणभरही नाही.

बागेत, तलावावर किंवा माळरानात नेऊ का?

सिद्धेश्वर तलाव, कंबर तलावाचा परिसर, शहरातली उद्यानं इथे गर्दी, कुत्री आणि कुतूहलाने हात लावणारी मुलं असतात. त्याला हे सगळं संकट वाटतं. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत घराजवळ लाउडस्पीकर आणि फटाके असतील तर तेवढे दिवस गच्चीवरही काढू नका. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या माळावर विदेशी प्राणी नेणं पूर्ण चुकीचं आहे. डाळिंब आणि द्राक्षांच्या बागाही टाळा. तिथे फवारणी सतत चालते आणि पानावर बसलेली माशी खाल्ली तरी विष पोटात जातं.

डॉक्टरकडे नेताना काय काळजी घ्यावी?

वाहतुकीला लहान प्लास्टिकची टोपली पुरे, ३० × २० × २० सेंटिमीटरची, झाकण टायने बंद केलेली, आत एक घट्ट आडवी फांदी आणि तळाशी साधा कपडा. अंधारात तो शांत बसतो. दुचाकीवर नको. चारचाकीत एसी २५-२६ वर, झोत थेट टोपलीवर नाही. उभ्या गाडीत पाच मिनिटंही एकटा सोडू नका. सात रस्ता चौकात उन्हात उभी राहिलेली गाडी किती तापते हे प्रत्येक सोलापूरकराला ठाऊक आहे.

कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार होतातच असं नाही. वेळ येण्याआधी फोन करून विचारून ठेवा. पुणे सुमारे २५० किलोमीटरवर आहे, म्हणजे तिकडे न्यायची वेळ आलीच तर पहाटे निघणं भाग आहे.

घार, कावळा, मांजर यांचं काय?

जाळी असली तरी घार किंवा कावळा छतावर बसला की शॅमेलिऑन भीतीने अर्धमेला होतो. वरची शेडनेट त्याला लपायला आडोसा देते. भारद्वाज सरडे खातो आणि झुडपात लपून येतो. मांजर जाळीतून पंजा घालते, म्हणून फांद्यांची टोकं सोडली तर बसण्याचा भाग जाळीपासून दहा सेंटिमीटर आत असावा. उपाय खरा एकच: पिंजरा बाहेर असेपर्यंत तुम्ही तिथेच.

ऊन जास्त झालं हे कसं ओळखायचं?

रंग फिका, जवळजवळ पांढुरका पडतो, तोंड उघडं राहतं आणि तो सावलीच्या टोकाला जाऊन जाळीवर येरझारा घालतो. तो ऊन टाळतोय, हे पहिल्या खुणेलाच समजून घ्या आणि लगेच आत आणा. उलट गडद, काळपट रंग म्हणजे थंडी किंवा भीती. सकाळी बाहेर ठेवताच ऊन लागणारी एक बाजू काळी करून तो ती उन्हाकडे वळवतो, ते योग्यच आहे, अंग तापवून घेतोय.

फिका पडला, तोंड मिटत नाही, पाय ढिले पडले, तर सावलीत, पंख्यापासून दूर ठेवून खोलीच्या तापमानाच्या पाण्याची बारीक फवारणी करा. बर्फ किंवा फ्रिजचं पाणी नको. पाणी तोंडात ओतू नका, फुप्फुसात जातं. दहा मिनिटांत सुधारणा नसेल तर डॉक्टर.

पाणी कसं द्यावं?

वाटीतलं साठलेलं पाणी बहुतेक शॅमेलिऑन ओळखतच नाहीत. पानावरचा थेंब चाटतात. औषधाच्या दुकानात मिळणारा सलाइनचा नवा सेट पाण्याच्या बाटलीला जोडून दर दोन-तीन सेकंदांना एक थेंब पानावर पडेल असा ठेवा. सोलापूरचं बोअरचं पाणी जड असतं, पानांवर आणि फवाऱ्याच्या तोंडात पांढरे डाग राहतात. गाळलेलं पाणी घ्या. बाटली सावलीत, नाहीतर नळीतलं पाणी चटका बसेल इतकं तापतं. खोल गेलेले डोळे आणि विष्ठेतला पांढरा भाग नारिंगी दिसणं ही पाणी कमी पडल्याची खूण.

आत कोणती झाडं चालतात?

जास्वंद सर्वांत उत्तम, व्हेल्ड तिची पानं-फुलं खातोही. अंब्रेला प्लांट, लहान फायकस चालतात. कण्हेर, रुई, धोत्रा जवळपासही नको. नर्सरीतून आणलेलं झाड पानं धुऊन महिनाभर वेगळं ठेवा, त्यावर कीटकनाशक असतं. आणि पावसाळ्यात काजवे दिसले तर ते कधीही खाऊ घालू नका, ते सरड्यांना विषारी असतात.

मादी सारखी तळाशी येरझारा घालते, जाळी ओरबाडते. तिला बाहेर फिरायचंय का?

नाही, तिला अंडी घालायची आहेत. नराशिवायही माद्या निर्जीव अंडी घालतात. अशा वेळी ती माती शोधत असते आणि याच दिवसांत पळून जायचा प्रयत्न सर्वाधिक करते. तिचं बाहेर जाणं बंद करा. घरातल्या पिंजऱ्यात मूठ दाबली तर आकार राहील इतपत ओली माती-वाळू भरलेली बादली ठेवा, खोली किमान ३० सेंटिमीटर, आणि पिंजरा कापडाने झाकून तिला एकटं सोडा. जागा मिळाली नाही तर अंडी पोटात अडकतात आणि मादी दगावते.

निसटला! आता?

आधी पिंजऱ्यातच नीट बघा, पानामागे, छताच्या कोपऱ्यात. खरंच नसेल तर:

सगळ्यांना जागच्या जागी थांबवा. पायाखाली येणं हा पहिला धोका. फाटक बंद, गाडी सुरू करू नका, कुत्रा घरात. एकाने शेवटचं दिसलेलं ठिकाण नजरेत ठेवायचं, दुसऱ्याने शोधायचं. शॅमेलिऑन शक्यतो वर जातो, म्हणून जमिनीपेक्षा उभ्या गोष्टी आधी: पाण्याच्या टाकीचा स्टँड, पाइप, वेल, केबल, कठड्याची बाहेरची बाजू, शेजारची फांदी. पहिल्या पाच मीटरच्या घेरातली प्रत्येक उभी गोष्ट संपवूनच पुढे सरका.

दिसला तर हात पोचत असल्यास हाताने, नसेल तर लांब फांदी त्याच्या छातीसमोर धरा, तो तिच्यावर चढतो. उंचावर असेल तर दोघा-चौघांनी खाली सोलापुरी चादर ताणून धरा. विणीत फासे नसल्याने नखं अडकत नाहीत आणि वजन झेलते. फांदी हलवू नका, दगड किंवा पाणी मारू नका.

सापडला नाही तर रात्रीची वाट बघा, कारण तीच खरी संधी आहे. दिवस मावळल्यावर दीड-दोन तासांनी बॅटरी डोळ्यांच्या रेषेत धरून झाडं तपासा. झोपलेला शॅमेलिऑन बारीक फांदीच्या टोकाला, शेपटी गुंडाळून, फिक्या रंगात बसतो आणि उजेडात पानांपेक्षा स्पष्ट चमकतो. पहाटे सूर्य उगवताना त्याच झाडाची पूर्वेकडची बाजू बघा, अंग तापवायला तो बाहेरच्या पानांवर येतो. जवळच्या कुंडीतल्या झाडावर थेंबाचं पाणी सुरू ठेवा. उन्हाळ्यात पाणीच त्याला परत खेचतं. शोध एका रात्रीत सोडू नका.

वॉर्डातल्या शेजाऱ्यांना फोटोसह सांगा आणि वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा. नोंदणीची कागदपत्रं जवळ असू द्या.

सापडत नाही तर "जाऊ द्या, निसर्गात राहील" म्हणता येईल का?

नाही. सोडून दिलेले व्हेल्ड शॅमेलिऑन हवाई आणि फ्लोरिडात रुजले आणि तिथल्या कीटकांना व पक्ष्यांना धोका निर्माण झाला. इथे तर आपला स्वतःचा भारतीय शॅमेलिऑन आहे. परक्या प्राण्याच्या अंगावरचे परजीवी त्याच्यापर्यंत पोचले तर नुकसान त्याचंच होतं.

शेजारी घाबरतात, "विषारी आहे" म्हणतात.

शॅमेलिऑनला विष नसतं. फुसकारतो, तोंड वासतो, क्वचित चावतो, इतकंच. लोकांना दोष देऊन उपयोग नाही, लहानपणापासून सरड्याला दगड मारायलाच शिकवलं जातं. आधीच बोलून ठेवा, पिंजऱ्यावर "पाळीव, नोंदणीकृत, हात लावू नका" अशी पाटी लावा, म्हणजे तो निसटला तर दगडाऐवजी हाक येईल. हाताळल्यावर साबणाने २० सेकंद हात धुवायला सर्वांना सांगा, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

शेतात जखमी सरडा सापडला, तो शॅमेलिऑनच आहे. घरी ठेवू का?

ठेवू नका. सावलीत, हवेशीर खोक्यात ठेवून लगेच १९२६ वर कळवा. खाऊ-पाणी जबरदस्तीने देऊ नका. धडधाकट असेल आणि फक्त रस्ता ओलांडत असेल, तर ज्या दिशेला तोंड आहे त्याच बाजूच्या झुडपावर काठीने उचलून ठेवा.

कोणत्या दिवशी बाहेर नेऊच नये?

कातडी टाकत असताना, डोळे दिवसा मिटलेले असताना, नवीन आणल्यापासून पहिले तीन आठवडे, आजाराची औषधं चालू असताना, वारा सुटलेला असताना, आणि घरात पाहुणे आलेत म्हणून त्यांना दाखवायला. दोन शॅमेलिऑन असतील तर एकाच वेळी एकमेकांना दिसतील असे कधीच ठेवू नका. मध्ये जाळी असली तरी दोघंही रंग भडक करून फुगतात आणि खाणं सोडतात.